यॉर्कशायरचा दाऊद

अंपायर म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे स्वेटर सांभाळणारा माणूस. आऊट देणं हे काम त्यातून सवड मिळाली तर. हे काम मी सौदी अरेबियात, धाहरानकडच्या एका तेल कंपनीच्या कॅम्पमध्ये, बरीच वर्षं केलं. संपादकांनी सांगितलं, आखाती युद्धाच्या दिवसांतल्या नोकरीबद्दल लिहा. आखातातून परतलेल्या माणसाकडून लोकांची एक अपेक्षा असते. त्याने कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, जाच, उन्हाळा आणि गावाची आठवण एवढं सांगावं. मला ते सगळं होतं. पण मी तिथे इंग्लिश काउंटी क्रिकेटमध्ये होतो. हे मी गावात सांगतो तेव्हा माणसं थोडा वेळ माझ्याकडे बघतात आणि मग भाताचा विषय काढतात.

खुलासा करतो. कॅम्पमध्ये इंग्लिश इंजिनियर पुष्कळ होते. उन्हाळ्यात त्यांच्या देशात काउंटी सामने चालत, तेव्हा हे साहेब लोक छोट्या रेडिओला कान लावून बसत. हिवाळा आला की स्वतःची काउंटी चॅम्पियनशिप खेळत. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. चार संघ होते: यॉर्कशायर, लँकेशायर, सरे आणि केंट. मैदान वाळूचं, वर तेल मारून दाबलेलं. मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर काथ्याची मॅट. ही मॅट अंथरणं, ताणणं आणि सामना संपला की गुंडाळून ठेवणं हे माझं मूळ काम. कंपनीच्या रिक्रिएशन विभागात माझ्या हुद्द्याचं नाव 'हेल्पर' होतं. अंपायर झालो तो गोऱ्यांच्या आपसातल्या अविश्वासामुळे. यॉर्कशायरवाला लँकेशायरच्या अंपायरला मानायचा नाही, लँकेशायरवाला सरेच्या. शेवटी सेक्रेटरी विल्किनसाहेबांनी नियमांचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "महमद, तू कुठलाच नाहीस, म्हणून तू चालशील." मी दापोलीकडचा आहे हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि मी ते पुस्तक कुराणशरीफच्या खालोखाल पाठ केलं.

त्या चॅम्पियनशिपचा मुख्य नियम असा की जो ज्या काउंटीत जन्मला, त्याने त्याच काउंटीकडून खेळायचं. यात कुणाचीही गय नव्हती. पिम नावाचे एक साहेब होते. त्यांचे वडील फौजेत होते, त्यामुळे साहेबांचा जन्म देवळालीच्या छावणीत झाला होता. बाकी माणूस नखशिखांत इंग्लिश, पण देवळाली कुठल्याच काउंटीत बसेना. कमिटीने विचार केला आणि त्यांना स्कोअरर केलं. मला ते म्हणायचे, "महमद, तू आणि मी एकाच प्रांतातले." एकदा मी त्यांना घरून आलेलं आंबोशीचं लोणचं दिलं. त्यांनी ते केकबरोबर खाल्लं आणि चांगलं आहे म्हणाले.

जन्माच्या नियमाला पळवाट एकच होती, ती म्हणजे टोपी. इंग्लंडात चांगली कामगिरी केलेल्या खेळाडूला काउंटी आपली टोपी देते. ती मिळाली की तो त्या काउंटीचा पक्का माणूस. आमच्या कॅम्पात त्याचा अर्थ असा केला होता की पाहुणा म्हणून खेळताना कुणी एका सामन्यात पाच बळी घेतले, तर त्याला टोपी द्यायची आणि पुढे त्याचा जन्म विचारायचा नाही. एका स्कॉटिश डॉक्टरने सरेकडून अशी टोपी मिळवली होती. त्याला आता चेंडू नीट दिसत नसे, तरी तो दर शुक्रवारी खेळायचा, कारण टोपी ती टोपी.

आता दाऊद. दाऊद श्रीवर्धनकडचा, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. शुक्रवारी यॉर्कशायरचा संघ त्याच्या बसमधून मैदानावर यायचा. बुधवारी साहेब नेटमध्ये सराव करायचे, तेव्हा ते दाऊदला बोलिंग टाकायला बोलवायचे. तो दोनच पावलं चालायचा आणि चेंडू सोडायचा. मॅटवर पडून तो चेंडू कुठे जाणार हे साहेबांना कळायचं नाही, आणि मला वाटतं दाऊदलाही नेहमी कळत नसावं. बुधवारी सगळे साहेब म्हणायचे, "वेल बोल्ड, दाऊद." शुक्रवारी दाऊद बसच्या पायरीवर बसून सामना बघायचा. असं बरीच वर्षं चाललं होतं. मी त्याला एकदा म्हटलं, "तुझ्यासारखा बोलर गावात असता तर लोकांनी जेवायला घातलं असतं." तो म्हणाला, "भाय, गावात खेळून काय करू? मना हितं खेळायचा हाय. एक डाव. खऱ्या बॉलनं."

मग कुवेतवर इराकची फौज आली.

युद्धाचं वर्णन मी करणार नाही, ते टीव्हीवर मी बघितलं तेवढंच तुम्हीही बघितलंय. आमच्यापर्यंत ते आधी मोटारींच्या रूपाने आलं. कुवेतहून निघालेली माणसं टपावर गाद्या बांधून आमच्या रस्त्याने दक्षिणेला जात होती. त्यांच्यात आमच्या कोकणातली माणसंही असणार म्हणून मी आणि दाऊद संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहायचो. मग अमेरिकन फौज आली, विमानं आली. मग साहेबांच्या मडमा आणि मुलं गेली आणि त्यांच्या पाठोपाठ पुष्कळ साहेबही गेले. जेद्दाला माझा चुलतभाऊ होता, तो फोनवर म्हणायचा, "तू तिकडे कशाला थांबलास, इकडे निघून ये." मी म्हणायचो, "सीझन सुरू व्हायचाय." त्याला वाटायचं मी खजुराच्या सीझनबद्दल बोलतोय.

सीझन होणार की नाही, यावर कमिटीची बैठक झाली. कॅम्प रिकामा पडत चालला होता, क्षेपणास्त्रं येणार असं सगळे बोलत होते, आणि चार साहेब क्लबात बसून केंटकडे सहाच माणसं उरली यावर दीड तास चर्चा करत होते. मी चहा देत होतो म्हणून मला माहीत. शेवटी विल्किनसाहेबांनी तोडगा काढला. युद्ध संपेपर्यंत रिकाम्या जागा कुणीही भरायच्या, आणि माणसाची काउंटी ठरवायची ती त्याच्या साहेबाच्या जन्मावरून. ज्याचा वरिष्ठ केंटचा, तो केंटचा.

त्यामुळे महाडचा एक आचारी केंटचा झाला. लॉन्ड्रीतला एक श्रीलंकन सरेचा झाला. ट्रान्स्पोर्टचे मुख्य क्रॉफ्टसाहेब यॉर्कशायरचे कॅप्टन होते, म्हणून श्रीवर्धनचा दाऊद यॉर्कशायरचा झाला. मी त्याला ही बातमी सांगितली तेव्हा तो बसचं चाक बदलत होता. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "भाय, पॅन्ट पांढरी लागेल ना?" त्याच दिवशी तो जवळच्या खोबर शहराच्या बाजारात जाऊन पॅन्ट घेऊन आला. ती जरा पिवळसर होती, पण मी अंपायर म्हणून हरकत घेतली नाही.

दाऊदला टोपीचा नियम मीच समजावून सांगितला. युद्ध संपलं की साहेब परत येतील आणि पाहुण्यांना बाहेर बसावं लागेल, हे त्याला न सांगता कळलेलं होतं. पण टोपी मिळाली तर त्याला कुणी उठवू शकणार नव्हतं. "पाच म्हंजे एकाच मॅचमदी?" त्याने विचारलं. एकाच, मी म्हटलं. त्यानंतर त्याने दोनदा चार चार बळी घेतले. दोन्ही वेळा पाचवा झेल साहेबांच्या हातून सुटला. दाऊदने बस त्या त्या दिवशी जरा जोरात चालवली.

युद्धातल्या अंपायरिंगबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ते पुस्तकात नाहीत. अंपायरचं अर्धं काम कानाने होतं. बॅटची कड लागली का, हे डोळ्याला दिसत नाही, ऐकू येतं. जवळच विमानतळ होता. लढाऊ विमान उडालं की मला माझाच आवाज ऐकू येत नसे. त्या सीझनमध्ये कीपरकडे गेलेले कितीतरी झेल मी नाकारले असतील. यष्टिरक्षक ओरडतोय हे त्याच्या उघड्या तोंडावरून कळायचं. क्रॉफ्टसाहेब मैदानावर हाताने इशारा करून विमान जाईपर्यंत बोलरला थांबवायचे, पण विमानं काही थांबत नव्हती.

दुसरी गोष्ट मास्कची. कंपनीने सगळ्यांना गॅसचे मास्क दिले होते. ते डब्यात घालून खांद्याला अडकवून फिरायचं, संडासला जातानासुद्धा. फलंदाज आणि क्षेत्ररक्षक तो कमरेला बांधून खेळायचे. बोलरला ते जमेना. बोलर टोपी आणि स्वेटर अंपायरकडे देतो तशी रीतच आहे, त्यामुळे बोलर आपला मास्कही माझ्याकडे द्यायला लागले. म्हणजे एका खांद्यावर माझा मास्क, दुसऱ्यावर बोलरचा, गळ्यात स्वेटर, डोक्यावर दोन टोप्या. खिशात चेंडू मोजायला खजुराच्या सहा बिया, कारण तिथल्या वाळूत धड खडे मिळत नाहीत. फाटकावरचा सौदी शिपाई अबू सालेह मला बघून कपाळाला हात लावायचा. त्याला क्रिकेटमधलं एकच कळायचं. माझं बोट वर गेलं की तो ओरडायचा, "खलास!"

शेवटचा सामना यॉर्कशायर आणि लँकेशायरचा होता. जिंकेल त्याची चॅम्पियनशिप. इराकवर विमानांचे हल्ले रोज चालू होते आणि क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचे भोंगे बहुतेक रात्री वाजायचे, म्हणून आम्ही शुक्रवारी नमाजनंतर लगेच खेळायला सुरुवात केली. लँकेशायरची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या. समोर खुद्द विल्किनसाहेब. हा माणूस कधी बॅट फिरवायचा नाही. पुढचा पाय काढायचा, बॅट सरळ खाली आणायचा आणि चेंडूचा अपमान झाल्यासारखं तोंड करायचा. दाऊदचे चार बळी झाले होते. तो माझ्याकडे आला, मास्कचा डबा माझ्या खांद्याला अडकवला आणि चेंडू पॅन्टला घासला.

तो दोन पावलं चालला, हात वरून आला, चेंडू सुटला. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला.

विल्किनसाहेबांनी पुढचा पाय काढला, बॅट सरळ खाली आणली. चेंडू मॅटवर पडून आत वळला आणि मधली यष्टी आडवी झाली. त्याच वेळी मैदानावरची सगळी माणसं स्क्वॉश कोर्टाकडे पळत सुटली, कारण तिथे खिडक्या नाहीत म्हणून तेच आमचं शेल्टर होतं. विल्किनसाहेबही निघाले. ते आऊट झाले म्हणून निघाले की भोंगा वाजला म्हणून, हे कुणालाही सांगता येणार नाही. पिच दोन क्षणांत रिकामं झालं. उरलो मी आणि दाऊद. दाऊदचा मास्क माझ्याकडे होता, त्यामुळे त्याला माझ्याकडे येणं भागच होतं. त्याने एक हात मास्कसाठी पुढे केला, दुसरा वर केला आणि जोरात ओरडला, "हाऊज दॅट!"

इथे नियम सांगणं आवश्यक आहे. फलंदाज काही सबळ कारणाने तयार नसेल, आणि त्याने चेंडू खेळायचा प्रयत्नच केला नसेल, तर अंपायरने तो चेंडू रद्द करायचा. भोंगा हे सबळ कारण आहे, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. पण विल्किनसाहेबांनी प्रयत्न केला होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडला असता तरी त्यांनी पुढचा पाय काढला असता. मी बोट वर केलं. फाटकाकडून पळता पळता अबू सालेहने मागे बघितलं आणि "खलास!" म्हणून ओरडला. तो नक्की कशाबद्दल बोलत होता हे मी नंतर विचारलं नाही.

स्क्वॉश कोर्टात आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलो, तोंडावर मास्क. बाहेर काय चाललंय कळत नव्हतं. मग लँकेशायरचा एक साहेब मास्कमधून काहीतरी बोलला. बादलीत तोंड घालून बोलावं तसा आवाज. यॉर्कशायरचा एक जण त्याच आवाजात उत्तरला. हळूहळू कळलं की चेंडू रद्द होता की नव्हता, यावर वाद चाललाय. मरण दारात आलेलं असू शकतं आणि हे लोक नियम तेविसावर भांडत होते. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती, आणि त्या भांडणाने ती कमी झाली. क्रॉफ्टसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बसल्या बसल्या पुन्हा बोट वर केलं. दाऊद गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, त्याने ते पाहिलंही नाही.

मग विल्किनसाहेबांनी भोंगा संपायच्या आधीच मास्क काढला. सगळे घाबरले. ते शांतपणे म्हणाले, "मी तो चेंडू खेळलो. खेळलो आणि चुकलो. चेंडू चांगला होता." एवढं बोलून त्यांनी मास्क परत चढवला. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो आजही आहे, आणि पुढे जे झालं त्याचा त्रास त्यामुळेच जास्त होतो.

भोंगा त्या दिवशी चुकून वाजला होता, असं नंतर कळलं. आम्ही बाहेर आलो. पिमसाहेबांनी स्कोअरबुकात दाऊदचा पाचवा बळी लिहिला. क्रॉफ्टसाहेबांकडे त्यांची घरून आणलेली एक जादा टोपी होती. गडद निळी, पुढे पांढरा गुलाब. त्यांनी ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर दाऊदच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत खाली आली. दाऊदने आत जुना उर्दू पेपर घडी करून घातला, तेव्हा ती बसली. मी त्याला म्हटलं, "आता तू यॉर्कशायरचा." तो म्हणाला, "भाय, अम्मीला काय लिवू? तिला वाटंल मी नोकरी बदलली." त्या संध्याकाळी तो जितका हसला तितकं हसताना मी त्याला आधी किंवा नंतर पाहिलं नाही.

युद्ध लवकरच संपलं. मडमा आल्या, मुलं आली, साहेब आले. क्रॉफ्टसाहेबांची मात्र बदली झाली आणि ते मायदेशी गेले. उन्हाळा गेला आणि पुन्हा सीझन जवळ आला, तेव्हा क्लबच्या फलकावर एक नोटीस लागली. युद्धकाळातले सामने मैत्रीपूर्ण समजावेत, त्यातली कामगिरी अधिकृत धरू नये. खाली विल्किनसाहेबांची सही. टोपीचा उल्लेख नोटिशीत नव्हता. टोपी परत मागणं असभ्यपणाचं झालं असतं आणि ते लोक सभ्य होते. त्यांनी फक्त ती बघणं बंद केलं. स्कॉटिश डॉक्टरची टोपी शांततेच्या काळातली होती, त्यामुळे ती चालू राहिली.

मी विल्किनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "महमद, कमिटीचा निर्णय आहे." मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी शेल्टरमध्ये तुम्हीच म्हणाला होतात, चेंडू चांगला होता." ते म्हणाले, "होताच." मग त्यांनी चष्मा पुसला आणि मॅटचे हुक गंजलेत, याची आठवण करून दिली.

सीझनच्या पहिल्या शुक्रवारी दाऊद बस घेऊन आला. पांढरी पॅन्ट इस्त्री केलेली, डोक्यावर टोपी. नव्या कॅप्टनने त्याला गुड मॉर्निंग केलं आणि म्हणाला, "आज अकरा पूर्ण आहेत, दाऊद." दाऊद पायरीवर जाऊन बसला. पुढच्या शुक्रवारीही अकरा होते. त्याच्या पुढच्याही. दाऊदची पॅन्ट दर शुक्रवारी इस्त्रीची असायची. मी त्याला एकदा म्हटलं, "कशाला आशा धरतोस?" तो म्हणाला, "कवातरी कोन आजारी पडंल की, भाय. एवडी मानसं हायत."

आणि एका शुक्रवारी खरंच एक साहेब तापाने पडला. दाऊदला ते सकाळीच कळलं, कारण त्या साहेबाच्या दारात बस थांबली आणि साहेब आला नाही. मैदानावर आल्यावर तो पायरीवर बसला नाही. सीमारेषेजवळ उभा राहून हात गरम करत होता. सामन्याआधी कॅप्टनने अंपायरला खेळाडूंची नावं द्यायची असतात. कॅप्टनने नावं दिली, मी मोजली. दहा होती. मी म्हटलं, "सर, अकरावा?" तो म्हणाला, "आज दहाच. आम्ही निभावून नेऊ." मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि तो दाऊदकडे वळून म्हणाला, "दाऊद, बदली म्हणून फिल्डिंगला येतोस का?"

दाऊद माझ्याकडे आला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "भाय, बदलीला बोलिंग करता येत्ये?"

नियम मला पाठ होता. मी म्हटलं, "नाही."

"बॅटिंग?"

"नाही."

त्याने मैदानाकडे बघितलं. मग मला म्हणाला, "त्याला सांगा, मी ड्रायव्हर हाय. फिल्डिंग ड्रायव्हरच्या ड्यूटीत नाय." आणि टोपी सरळ करून तो बसमध्ये जाऊन बसला, पायरीवर नाही, आपल्या सीटवर, दार लावून. मी कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं. तो "अर्थातच" म्हणाला.

मी जाऊन यष्टींमागे उभा राहिलो. माझ्या अंगाचा संताप होत होता, आणि समोर विल्किनसाहेब पुढचा पाय काढून तयार उभे होते. अंपायरला कुणी अपील केल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि त्या दिवशी माझ्याकडे कुणीच अपील केलं नाही. मी "प्ले" म्हटलं. यॉर्कशायर दहा जणांनी खेळलं.